कोष्टकातली तेरावी ओळ

“सज्जनहो, यंत्र बंद पडतं, हा मानवजातीचा हजारो वर्षांचा अनुभव आज, सोनघाटच्या ह्या पंपघरात, कायमचा संपला आहे!” असं मी म्हणालो आणि माईक बंद पडला.

मोटर मात्र चालू होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगितलं तर कोणी ऐकून घेणार नाही. माझी मोटर त्या दिवशी एकंदर बावीस मिनिटं चालली, त्यातलं तेव्हा अठरावं चालू होतं. मी हात वर केला, छाती होती तेवढी पुढे काढली आणि ओरडलो, “बघा! माईक बंद पडला. मोटर नाही!”

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात नगराध्यक्ष बापूसाहेब थोरव्यांच्या. दुसऱ्या रांगेत माझा सहकारी हुपरीकर तेवढा वाजवत नव्हता. तो झोपला होता.

साल एक्याण्णव. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत यंत्रं हा विषय शिकवत असे. वर्गात एकदा बोलायला लागलो की मी थांबत नसे, त्यामुळे मोटरसुद्धा थांबू नये असं मला वाटणं स्वाभाविक होतं. सोनघाटची गोष्ट उलटी होती. नदीकाठी नगरपालिकेचं पंपघर, तिथून पाणी चढायचं पिराच्या टेकडीवरच्या टाकीत, आणि टाकीतून गावात. हे चढवणारी मोटर वर्षातून चार वेळा जळायची. मग आठ दिवस गाव कोरडं, नवव्या दिवशी बायकांचा हंडामोर्चा, दहाव्या दिवशी बापूसाहेबांचा रक्तदाब. शेवटी पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता शिरगुप्पे यांनी ठरवलं, की बिघाड व्हायचा तो होवो, बिघडूनही चालत राहील अशी व्यवस्था बसवायची. तीन पर्याय एकमेकांशेजारी मांडायचे, एका पानाचं कोष्टक करायचं आणि प्रात्यक्षिक पाहून निर्णय द्यायचा.

पहिला पर्याय माझा. साध्या मोटरीला विजेच्या तीन फेज लागतात. एक गेली की ती गुरगुरते, तापते आणि जळते. माझ्या मोटरीला सहा होत्या. एक गेली, पाच राहिल्या. दोन गेल्या, चार राहिल्या. एका बोटाला कापलं म्हणून माणूस काही जेवायचं सोडत नाही, तसं. शिवाय मोटर चालवायला दोन इलेक्ट्रॉनिक मेंदू होते, दोन पोलादी पेट्यांत. एक डाव्या भिंतीवर, एक उजव्या. दोघांची वीज वेगळ्या बोर्डातून, दोघांचे फ्यूज वेगळे. डावा मेला तर उजवा इतक्या अलगद कारभार हाती घ्यायचा, की कोणाला कळतसुद्धा नसे. कोणाला कळत नाही, ह्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

दुसरा पर्याय हुपरीकरचा. दोन साध्या मोटरी. एक राबणार, दुसरी बसून राहणार. पहिली आजारी पडली की दुसरीला उठवायचं. ही कल्पना त्याला आमच्याच विभागाकडे बघून सुचली असावी.

तिसरा पर्याय म्हणजे जे होतं तेच. जुनी मोटर आणि तिच्यासोबत पंपचालक शालन खिलारे.

ह्या तिन्हींची तुलना करून गुण कोणी द्यायचे? मी. ह्यात काही गैर आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मी बारा ओळींचं कोष्टक केलं. तार तुटली तर, कॉइल जळली तर, फेज गेली तर, पेटी बंद पडली तर, अशा अकरा आपत्ती, बारावी ओळ मनुष्यबळाची, आणि प्रत्येकीपुढे तिघांचे गुण. हुपरीकरला अठ्ठावन्न मिळाले. मला चौऱ्याण्णव. शंभर द्यायला हरकत नव्हती, पण निःपक्षपातीपणा दिसायला हवा.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दुपारी मी हे कोष्टक भिंतीला चिकटवत होतो. पंप बंद होता, तरी शालनबाई जुन्या मोटरीचा आस एका हाताने फिरवत वाकून उभ्या होत्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. डॉक्टर नळी लावतात तशा त्या रोज मोटर ऐकायच्या. त्यांचे यजमान बाजीराव ह्याच जागेवर होते. ते तापाने गेले आणि अनुकंपा म्हणून जागा शालनबाईंना मिळाली, पण हंगामी. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. घरात दोन पोरी शाळेत जाणाऱ्या. बाकीच्या दोन पाळ्यांचे चालक कायम होते, त्यांना नगरपालिकेत कुठेही सामावून घेता आलं असतं. शालनबाईंना नाही. आणि माझ्या कोष्टकाच्या बाराव्या ओळीत, माझ्या रकान्यात, मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : मनुष्यबळ, शून्य. त्याबद्दल मी स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

“साहेब, ह्यात आमी कुठं हाय?” पदराला हात पुसत त्या कोष्टकापाशी आल्या.

“हा शेवटचा रकाना. ‘सध्याची व्यवस्था’.”

“अकरा?”

“शंभरपैकी.”

“अकरा मला, का मोटरीला?”

“दोघींना मिळून.”

त्यांनी मान हलवली. “त्यातलं माझं किती?”

“चार.”

“आन् हिला सात?”

“तिचं लोखंड चांगलं आहे.”

“मी कशात कमी पडली?”

मी खडू शोधायला लागलो. समजावून सांगायचं म्हटलं की माझा हात आपोआप खडू शोधतो. “बाई, हे तुमच्यावर व्यक्तिशः नाही. ह्याला मानवी घटक म्हणतात. माणूस आजारी पडतो, रजा घेतो, डुलकी काढतो. मुख्य म्हणजे माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही.”

“काल तुमी चष्मा इसरून गेलावता,” म्हणत त्यांनी कोनाड्यातून माझा चष्मा काढून दिला.

“मी यंत्राबद्दल बोलतोय.”

“हां. मी मानसाबद्दल बोलतीया.”

मी चष्मा लावला. त्यामुळे शालनबाईंचा चेहरा नको तितका स्पष्ट दिसायला लागला. त्या कोष्टकावरून बोट फिरवत एकेक ओळ वाचत होत्या, ओठ हलवत.

“ह्ये लागलं, तर मी घरी,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

“तसं काही नाही. शिरगुप्पे साहेब बघतील काहीतरी.”

“साहेब न्हाई बगत. कागद बगत्यात.” बोट पुन्हा पहिल्या ओळीवर गेलं. “बारा ओळी हाइत. तार तुटली, कॉइल जळली, पेटी ग्येली, समदं लिवलंय. पर ज्यानं ह्ये लिवलं त्येचंच काय चुकलं, तर? ती वळ कुठाय?”

“ती कोष्टकात येत नाही.”

“का?”

“जागा नाही.”

खाली चांगली दोन इंच जागा होती. ती मी सहीसाठी ठेवली होती.

मग मी रंगीत तालीम केली. डाव्या मेंदूची वीज काढली. उजव्याने अलगद कारभार घेतला, लाल दिवा लागला, आणि घंटी वाजायला लागली. एक मेंदू मेल्याची वर्दी द्यायला मीच ती बसवली होती, तिला बॅटरीही वेगळी दिली होती. पण आवाज असा, की शाळा सुटल्यासारखं वाटावं. उद्याच्या भाषणात मध्येच ही वाजली तर?

“शालनबाई, थोडा कापूस मिळेल?”

देवाच्या फोटोपाशी वाती वळायचा कापूस होता. त्यांनी बोळा दिला. “कशाला?”

“घंटीत घालायला. वाजू नये म्हणून.”

“मग घंटी लावली कशाला?”

“अहवालात लिहायला,” मी म्हणालो, आणि बोळा नीट आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी दहाला मंडळी जमली. नव्या मोटरीला झेंडूचा हार, पेढे, नारळ, सगळं होतं. फाटकाबाहेर साठ-सत्तर बायका हंडे घेऊन उभ्या. नवी मोटर बसवायची म्हणून दोन दिवस पंप बंद ठेवला होता, टाकी तळाला गेली होती, आणि बापूसाहेबांनी दवंडी दिली होती, की भाषणं झाली की पाणी. सोनघाटच्या बायकांचा भाषणांवर विश्वास नव्हता, पण पाण्याची वेळ चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

माईकची व्यवस्था मोमीनचाचांची. त्यांच्या स्टँडला गंज चढला होता आणि तो खाली येईना. माझी उंची पाच फूट एक इंच. नाव वामन ठेवलं तेव्हाच आईवडिलांना अंदाज आला असावा. इकडेतिकडे बघितलं तर जुन्या पंपापाशी एक लाकडी स्टूल दिसलं, ते उचलून आणलं आणि त्यावर चढलो. शालनबाई बघत होत्या.

बापूसाहेबांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं, मोटर सुरू झाली. सर्वांदेखत एक फेज काढली, मोटर चालू. दुसरी काढली, मोटर चालू. शिरगुप्पे साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. ते अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांचं टिपणं आम्हांला टाळ्यांसारखं वाटायचं. मग मी मानवजातीच्या अनुभवाबद्दल बोललो आणि माईक बंद पडला, तिथपर्यंत तुम्ही आलाच आहात.

टाळ्या ओसरल्यावर भिंतीकडून शालनबाईंचा आवाज आला. “साहेब, तांबडा दिवा लागलाय. डावीकडला.”

आता खरा शिक्षक असता तर त्याने दिवा का लागला हे विचारलं असतं. मोमीनचाचांनी माईकचं यंत्र डाव्या बोर्डात लावलं होतं, त्या यंत्रात शॉर्ट होता, त्याने बोर्डाचा फ्यूज उडवला होता, आणि माईकबरोबर माझा डावा मेंदूही गेला होता. घंटी आत कापसाखाली जिवाच्या आकांताने थरथरत असणार. पण मला दिव्यात फक्त एक सुंदर मुद्दा दिसला.

“लागू दे!” मी ओरडलो. “पाहा मंडळी, दिवा लागला आहे, म्हणजे आत काहीतरी बिघडलं आहे. आणि तरीही मोटर चालू आहे! ह्यालाच म्हणतात बिघाड पचवणारी व्यवस्था!”

पुन्हा टाळ्या. शालनबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

“राहू दे माईक,” शिरगुप्पे म्हणाले. “ऐकू येतंय.”

“नाही नाही, मागे जात नाही आवाज. मोमीनचाचा, तिकडच्या बोर्डात लावा.”

“साब, मशीनमदीच काय तरी हाय. वास येतुय जळका.”

“लावा हो तुम्ही!”

“साब, मी काय म्हंतो...”

“चाचा, मुद्दा महत्त्वाचा आहे माझा!”

चाचांनी खांदे उडवले, वायर ओढत उजव्या भिंतीकडे नेली आणि माझ्या उजव्या मेंदूच्या बोर्डात पिन खोचली. माईक खरखरला. मी तेच वाक्य पुन्हा घेतलं, त्यातला “कायमचा” एवढा शब्द अत्यंत स्वच्छ बाहेर पडला, आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

अशी शांतता मी उभ्या आयुष्यात कुठल्याही भाषणात अनुभवली नव्हती. कोणी खोकत नव्हतं, खुर्ची वाजत नव्हती, आणि मोटरीची ती सततची घरघरसुद्धा नव्हती. समोर सगळ्यांचे डोळे मोठे झालेले. मला वाटलं, श्रोते भारावले. मी आवाज हळवा केला आणि यंत्र व माणूस यांच्या नात्याबद्दल बोलू लागलो. हे साधारण दीड मिनिट चाललं.

तेवढ्यात हुपरीकर जागा झाला. पंखा बंद झाला की काही लोकांना जाग येते, त्यातला तो. डोळे चोळत त्याने विचारलं, “काय हो, संपलं का?”

“अजून दोन मुद्दे आहेत,” मी म्हणालो.

“भाषण नव्हे हो, वामनराव. मोटर.”

मी वळून बघितलं. झेंडूचा हार घातलेली माझी मोटर उभी होती, सत्कारमूर्ती बसतात तशी, हालचाल न करता. टेकडीच्या पाइपातली झडप मोटर थांबली तेव्हाच आपटली असणार, पण मी तेव्हा नात्याबद्दल बोलत असल्यामुळे मला ऐकू आलं नव्हतं. शालनबाईंना आलं होतं. ती झडप जुनी, पूर्ण बसायची नाही, आणि चढलेलं पाणी तिच्यातून परत नदीत निघालं होतं. त्या केव्हाच मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकाला भिडल्या होत्या. गरागरा फिरवून त्यांनी तो आवळला. मग सरळ माझ्याकडे चालत आल्या.

मी स्टुलावर. त्या खाली. फाटकाबाहेरून हंडे वाजायला लागले होते. सगळं पंपघर आम्हां दोघांकडे बघत होतं. शालनबाई टाचा उंचावून माझ्या कानाशी आल्या आणि पाच-सहा शब्द बोलल्या. मी मान डोलावली, आणि त्यांना वाट करून दिली.

पुढची चार मिनिटं मी कोपऱ्यात उभं राहून बघितली. जुना पंप सुरू करायचा तर त्याच्या डोक्यावरच्या नरसाळ्यातून पाणी भरावं लागतं, आतली हवा बुडबुड्यांनी पूर्ण बाहेर येईपर्यंत. शालनबाईंनी वर चढून डबा डबा पाणी ओतलं. कान लावून बुडबुडे थांबल्याची खात्री केली. तोटी बंद केली. मग थेट खांबावरून वीज घेणाऱ्या जुन्या स्टार्टरचा दांडा धरला आणि एकेक खाच पुढे सरकवत नेला. एका खाचेवर थांबल्या, ऐकलं, पुढे गेल्या. जुनी मोटर खोकली, गुरगुरली आणि लागली. मग चाक हळूहळू उघडलं. टेकडीवर पाणी पोचलं की टाकीवाला पांढरं फडकं हलवतो, अशी सोनघाटची पद्धत. थोड्या वेळाने खिडकीतून ते फडकं दिसलं आणि फाटकाबाहेर बायकांनी गलका केला.

शिरगुप्पे साहेब उठले. सावकाश माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी राजीनाम्याचा पहिला परिच्छेद मनात जुळवत होतो.

“तेंडोलकर,” ते म्हणाले, “हे ठरवून केलंत?”

“काय?”

“पहिल्यांदा डाव्या बोर्डातून मेंदू मारलात. दिवा लागल्याचं आम्हांला दाखवलंत. मग उजव्या बोर्डाची वीज घालवायला लावलीत. मी नको म्हणत होतो तरी. आणि दोन्ही गेल्यावर तिसरी व्यवस्था. बाईंनी येऊन परवानगी मागितली, तुम्ही मान डोलावलीत. पाच मिनिटांत पाणी वर.” शिरगुप्पे एका दमात इतकं बोललेले त्यांच्या खात्यातसुद्धा कोणी ऐकलं नसेल. “ठरवून केलंत?”

माझ्या आयुष्यात प्रामाणिकपणाला इतकी मोकळी जागा कोणी क्वचितच करून दिली असेल.

“हो,” मी म्हणालो.

“अरे वा!” बापूसाहेब खुर्चीतून ओरडले. “वामनाचं तिसरं पाऊल!” आणि टाळ्यांचा तो कडकडाट झाला, की झेंडूच्या दोन पाकळ्या मोटरीवरून गळल्या. तिची त्या दिवसातली शेवटची हालचाल.

शिरगुप्पे मात्र कोष्टकापाशी गेले होते. “एक कळलं नाही. इथे बाराव्या ओळीत तुम्ही मनुष्यबळ शून्य लिहिलं आहे. पंपचालकांची पदं रद्द. मग तिसरी व्यवस्था चालवणार कोण?”

मी शालनबाईंकडे बघितलं. त्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावून उभ्या होत्या. एक कान मोटरीकडे. दुसरा कुठे होता ते मला चांगलं दिसत होतं.

“ते शून्य,” मी म्हणालो, “टंकलेखनाची चूक आहे.”

“ठळक अक्षरांत?”

“टंकलेखक उत्साही आहे.”

“मग काय हवं तिथे?”

“पंपचालक. दर पाळीला एक. जुन्या मोटरीची सवय असलेला. असलेली. आणि कायम, साहेब. अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर तिसरी व्यवस्थाच राहत नाही. किंबहुना तोच ह्या डिझाइनचा कणा आहे.”

त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडलेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि तेही आधीचं खोटं वाक्य पडू नये म्हणून.

“तसा सुधारित कागद द्या,” शिरगुप्पे म्हणाले. “मी शिफारस करतो.”

मंडळी पेढ्यांकडे वळली. हुपरीकर माझ्या बाजूला सरकला. “वामनराव, तुमचे दोन फ्यूज उडालेत. मी बघून आलो.”

“बोलणार आहेस?”

“छे. माझ्या दोन्ही मोटरी एकाच स्टार्टरवर आहेत, हे तुमच्या लक्षात आलं नाही, ते मी बोललो का?” त्याने पेढा तोंडात टाकला. “पण घंटीतला कापूस काढा. शिरगुप्पे परत आत आले तर काय सांगणार आहात?”

मी घाईघाईने बोळा ओढला. बिचारी घंटी! बॅटरी वेगळी असल्यामुळे ती आतल्या आत अजून वाजतच होती. मोकळी झाल्याबरोबर तिने सगळं पंपघर डोक्यावर घेतलं. जीपमध्ये चढता चढता शिरगुप्पे थबकले. “आता काय झालं?”

“काय न्हाई साहेब,” शालनबाई दारातून ओरडल्या. “जेवणाची सुट्टी!”

जीप गेली. पंपघरात आम्ही दोघं आणि जुनी मोटर.

“साहेब, तुमी खोटं बोललासा,” शालनबाई म्हणाल्या.

“हो.”

“ब्येस बोललासा. आता लिवून द्या.”

“उद्या टाइप करून...”

“उद्या तुमी इसराल. मानूस इसरतो. तुमीच म्हनला न्हवं?”

मी भिंतीवरचं कोष्टक काढलं. बाराव्या ओळीतलं शून्य खोडलं. मग सहीसाठी ठेवलेल्या दोन इंचांत तेरावी ओळ आखली : डिझाइन करणाराच चुकला तर. पहिल्या रकान्यात माझ्या मोटरीला शून्य. हुपरीकरलाही शून्य, मित्राला एकटं वाटू नये म्हणून. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘पंपचालक शालन बाजीराव खिलारे. कायम पद आवश्यक.’

त्यांनी ओठ हलवत वाचलं. “‘आवश्यक’ नगं. ‘अत्यावश्यक’ करा. आवश्यक लिवलेल्या तीन फायली आमच्या हापिसात पंख्याच्या खाली हाइत. कागद उडू नये म्हनून ठिवल्यात.”

मी ‘अत्यावश्यक’ केलं. सहीला जागा उरली नाही, म्हणून ती मागच्या बाजूला केली. त्यांनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि शिरगुप्प्यांकडे त्याची नक्कल मला हाताने काढून पाठवायला लावली.

माझी मोटर पुढे दोन पावसाळे अधूनमधून चालली. मग दमट हवेने दोन्ही मेंदू एकाच आठवड्यात गेले. स्वतंत्रपणे. आता ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते आणि मुलं तिच्यावर हेल्मेटं ठेवतात. सोनघाटला हुपरीकरच्या दोन मोटरी लागल्या, दोन स्टार्टरसकट. शालनबाई वर्षभरात कायम झाल्या. मुख्य पंपचालक म्हणून निवृत्त झाल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. थोरली मुलगी त्याच खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. कोष्टकांत तेरावी ओळ घालायची तिला सवय आहे म्हणतात.

त्या दिवसाचा मी पुष्कळ विचार केला आहे. निवृत्त माणसाला तेवढाच उद्योग. दोन मेंदू, दोन भिंती, दोन बोर्ड, दोन फ्यूज. एकाचा बिघाड दुसऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून मी दोघांमध्ये एक साधी तारसुद्धा ठेवली नव्हती. बिघाडाला एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायचं तर कोणीतरी उचलूनच न्यायला हवा होता. तो मी नेला. भाषण मागपर्यंत ऐकू जावं म्हणून.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचं पत्र आलं. पाणीपुरवठ्याच्या स्मरणिकेसाठी लेख हवा आहे. ‘प्रात्यक्षिकाच्या त्या निर्णायक क्षणी श्रीमती खिलारे यांनी आपल्याकडे कोणती तांत्रिक अनुज्ञा मागितली, हे आपण आजवर कधीच उघड केलेलं नाही. नव्या पिढीच्या अभियंत्यांना ते मार्गदर्शक ठरेल.’ हे खरं आहे, मी उघड केलेलं नाही. शिरगुप्प्यांनी दोनदा विचारलं, हुपरीकरने निदान पन्नासदा, बायकोने रोज. प्रत्येकाला मी सांगितलं, की ती बाब गोपनीय आहे.

आता माझं वय झालं. नव्या पिढीला मार्गदर्शन हवं आहे. तर फाटकाबाहेर हंडे वाजत असताना, टेकडीवरचं पाणी नदीत परत निघालेलं असताना, टाचा उंचावून शालनबाई माझ्या कानात म्हणाल्या होत्या :

“साहेब, जरा खाली उतरा. स्टूल पायजे.”